अकोले तालुक्याचे डोंगर वर्गात उभे करायचे तर

सर, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. अकोले तालुक्यातल्या शाळेत तुम्ही नववी-दहावीला भूगोल शिकवता. मुलं समोच्च रेषेची (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेची) व्याख्या घडाघडा म्हणतात, पण नकाशावर त्या रेषा दाटीनं आल्या की तिथं कडा आहे, हे त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहत नाही. शाळेत एक प्रोजेक्टर आणि एक साधा संगणक आहे. स्थलनिर्देशक नकाशे आणि उपग्रहाची चित्रं वापरून तालुक्याचं त्रिमितीय रूप करता येईल का, फुकटात होईल का, आणि त्याचा मुलांना खरोखर उपयोग होतो का?

करता येईल आणि सॉफ्टवेअर व डेटा दोन्ही फुकट मिळतात. उपयोगाचं मात्र तुम्ही ते कोणत्या क्रमानं करता यावर ठरतं. शाळांसाठी भूरूपांची मॉडेलं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, आणि एक गोष्ट मी आता ठामपणे सांगतो: पडद्यावर डोंगर गरगर फिरवून दाखवला की मुलं खूश होतात, पण पुढच्या तासाला टोपोशीट, म्हणजे स्थलनिर्देशक नकाशा, त्यांना पूर्वीइतकीच परकी असते. कागदावरची रेषा मुलानं स्वतःच्या हातानं उचलून तिच्या उंचीवर ठेवली पाहिजे. ते एकदा झालं की संगणकावरचं मॉडेल त्याला वाचता येतं. म्हणून आधी हात, मग संगणक, मग शाळेबाहेरचा खरा डोंगर.

हाताच्या कामासाठी कळसूबाईचा परिसर घ्या. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या क्रमांकपद्धतीत कळसूबाई ४७ ई/१० या शीटवर येतं आणि हरिश्चंद्रगड ४७ ई/१५ वर. प्रमाण १:५०,०००, रेषांमधलं अंतर २० मीटर, आणि दर पाचवी रेषा ठळक, म्हणजे १०० मीटरची. शिखराभोवतीचा दहा किलोमीटर लांब-रुंद चौकोन निवडा आणि झेरॉक्सवाल्याकडून दुप्पट मोठा करून घ्या. प्रमाण १:२५,००० झालं, चौकोन चाळीस सेंटिमीटरचा झाला. या प्रमाणात जमिनीवरचे १०० मीटर म्हणजे कागदावर ४ मिलिमीटर. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड) ५ मिलिमीटर जाडीचा असतो. एका ठळक रेषेला एक थर दिला तर उंची खऱ्याच्या सव्वापट होते, म्हणजे जवळजवळ खरी. नकाशा मोठा न करता मूळ प्रमाणातच थर लावले, तर १०० मीटरला २ मिलिमीटर हवे असताना आपण ५ देतो आणि डोंगर अडीचपट उंच होतो. हा हिशोब मुलांकडूनच करून घ्या. पुढं संगणकावर उंची ताणायची बटणं येतील, तेव्हा त्याचा अर्थ त्यांना आधीच कळलेला असेल.

तळाचा थर सातशे मीटरचा धरला तर सोळाशेपर्यंत दहा थर होतात. दर थरावर कार्बन पेपरनं दोन रेषा उतरवायच्या: एक कापायची आणि दुसरी त्याच्या वरच्या थराची, नुसती पेन्सिलनं. ही दुसरी रेषा नसेल तर थर चिकटवताना कुठं बसवायचा हे कळत नाही, आणि दोन-तीन थरांत शिखर एका बाजूला सरकतं. कटर मोठ्यांच्या देखरेखीखालीच. सोळाशेच्या वर कळसूबाईचे उरतात ४६ मीटर, म्हणजे जेमतेम दोन मिलिमीटर. तिथं टाचणीचं डोकं पुरतं. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर, १६४६ मीटर, ते आपल्या हातानं टोचायला मिळावं म्हणून मुलांत चढाओढ लागते.

थरांच्या पायऱ्या बुजवू नका. पायरीची कड म्हणजेच समोच्च रेषा, आणि बोट त्या कडेवरून फिरवलं की उंची न बदलता डोंगराला वळसा घातला जातो. वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी असेल तर त्याला हे मॉडेल सगळ्यात आधी द्या. मी पाहिलं आहे की अशी मुलं खिंड आणि सोंड इतरांपेक्षा लवकर ओळखतात. नंतर मॉडेलच्या अर्ध्या भागावर कागदाचा लगदा लावून उतार सलग करा आणि दुसरा अर्धा तसाच पायऱ्यांचा ठेवा. इथं एक सावधगिरी फक्त आपल्याकडच्या शिक्षकाला घ्यावी लागते. सह्याद्री मुळातच थरांचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले आणि त्यांच्या झिजण्यातून खऱ्या पायऱ्या झाल्या. मुलांना वाटतं की सनबोर्डच्या पायऱ्या म्हणजेच त्या. त्यांना खिडकीतून समोरचा डोंगर दाखवा आणि विचारा, या पायऱ्या नेमक्या शंभर-शंभर मीटरवर आहेत का? नाहीत. कुठं जाड, कुठं पातळ. सनबोर्डची पायरी आपण ठरवली, डोंगराची लाव्हानं.

आता संगणक. क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर घ्या. ते विनामूल्य आहे आणि ८ जीबी मेमरीच्या संगणकावर एका तालुक्याचं काम सहज होतं. गूगल अर्थ प्रो सुद्धा फुकट आहे आणि पहिल्या दिवशी उत्सुकता जागवायला छान आहे, पण तिथं उंचीचे आकडे मुलांच्या हाती येत नाहीत. शिकवायचं तर आकडे हातात हवेत.

उंचीचा डेटा म्हणजे जमिनीवर टाकलेली चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीत एकच आकडा, त्या जागेच्या उंचीचा. याला डीईएम म्हणतात. तुमच्या कामाचे तीन आहेत. पहिला एसआरटीएम: फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अंतराळयानानं अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारनं जगाचा बहुतेक भूभाग मोजला, त्यातून हा आला. दुसरा कोपर्निकस, युरोपचा, २०११ ते २०१५ दरम्यानच्या जर्मन रडार उपग्रहांच्या मोजणीवर बेतलेला. तिसरा आपला कार्टोसॅट-१चा. २००५ मध्ये सोडलेल्या या उपग्रहावर दोन कॅमेरे होते, एक किंचित पुढं आणि एक मागं पाहणारा, आणि त्या दोन चित्रांतल्या फरकावरून उंची काढली गेली. तो इस्रोच्या भुवन संकेतस्थळावर मिळतो. तिन्हींत चौकट साधारण ३० मीटरची. सुरुवात कोपर्निकसपासून करा, कड्यांच्या भागात तो सगळ्यात स्वच्छ आहे. भुवनचा घेतलात तर उंची समुद्रसपाटीपासून मोजली आहे की पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासून, हे आधी तपासा. आपल्या भागात या दोहोंत साठेक मीटरचा फरक पडतो आणि कोकणचा किनारा समुद्राखाली गेलेला दिसतो.

हा डेटा एकेका अंशाच्या तुकड्यांत येतो. ७४ अंश रेखावृत्त अकोले गावाजवळूनच जातं, त्यामुळे तुमचा तालुका दोन तुकड्यांत विभागलेला आहे: उत्तर १९ पूर्व ७३ आणि उत्तर १९ पूर्व ७४. दोन्ही उतरवून जोडा. मग लगेच, दुसरं काहीही करण्याआधी, तो यूटीएम विभाग ४३ उत्तर या प्रक्षेपणात, म्हणजे अंतर मीटरमध्ये मोजणाऱ्या जाळीत, बदला. क्यूजीआयएसमध्ये त्याचा क्रमांक ३२६४३. हे का, ते सांगतो. मूळ डेटात आडवं अंतर अंशात असतं आणि उंची मीटरमध्ये. संगणकाला हे कळत नाही. तो समजतो की चौकट मीटरच्या अगदी लहानशा तुकड्याएवढी आहे आणि उंची हजार मीटर, मग सगळा तालुका उभ्या भिंतींचा होतो आणि उताराच्या नकाशात प्रत्येक चौकट ९० अंशांच्या जवळ दाखवते. मला येणाऱ्या दर दुसऱ्या प्रश्नाचं मूळ इथंच असतं. पूर्व विदर्भातल्या शिक्षकांनी विभाग ४४ घ्यावा, सीमा ७८ अंशांवर आहे.

टोपोशीटही याच जाळीवर बसवायची आहे. सर्वेक्षण विभागाच्या नव्या ओपन सिरीजचे नकाशे घेतलेत तर त्यांचा आधार डब्ल्यूजीएस ८४, म्हणजे जीपीएस वापरतं तो गणिती लंबगोल, आहे, चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश देऊन ते नीट बसतात. जुन्या शीट एव्हरेस्ट नावाच्या जुन्या लंबगोलावर आहेत. कोपऱ्यांचे आकडे जसेच्या तसे घातले तर नकाशा शंभरेक मीटर सरकतो. कागदावर दोन मिलिमीटर, पण त्रिमितीत तेवढ्यानं डोंगराच्या धारेवरची पायवाट दरीत उतरते. बसवण्याआधी नकाशाचा मूळ आधार निवडून द्या, रूपांतर सॉफ्टवेअर करतं. तपासायची सोपी रीत अशी: डीईएमवरून २० मीटरच्या समोच्च रेषा काढून घ्या आणि टोपोशीटवर ठेवा. सोंडा आणि घळी एकमेकांवर बसल्या की काम झालं. रेषा तंतोतंत जुळणार नाहीत आणि जुळायची गरजही नाही.

त्रिमितीय दृश्य क्यूजीआयएसमध्येच उघडतं. तिथं एक आकडा मागतात: उंची किती पट करायची. या आकड्याइतकी दुसरी कुठलीच गोष्ट मुलांची समज घडवत किंवा बिघडवत नाही, म्हणून इथं थोडं थांबतो.

तालुका पूर्व-पश्चिम पन्नासेक किलोमीटर आहे असं धरा. तो पडद्यावर किंवा टेबलावर अर्ध्या मीटरमध्ये बसवला तर प्रमाण १:१,००,०००. भंडारदऱ्याच्या पाण्यापासून कळसूबाईचं टोक सुमारे नऊशे मीटर वर, म्हणजे या मॉडेलवर ९ मिलिमीटर. अर्ध्या मीटरच्या रुंदीत नऊ मिलिमीटर! मुलांना ते सपाट दिसतं, शिक्षकाला वाईट वाटतं, आणि मग पाचपट-सातपट केलं जातं. पण २० अंशांचा उतार, ज्यावर तुमच्या भागात माणसं नाचणी-वरई घेतात, तो दुप्पट केल्यावर ३६ अंश होतो आणि पाचपट केल्यावर ६१. शेत कडा होऊन बसतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यात आणि गावामागच्या टेकाडात फरकच राहत नाही, कारण जो आधीच जवळजवळ उभा आहे तो आणखी किती उभा होणार? तालुक्याच्या पूर्ण दृश्याला दीड ते दोन पट पुरे. दहा किलोमीटरच्या तुकड्याला एकपटच ठेवा. सह्याद्री एकपटीतही पुरेसा भव्य आहे. आणि जो काही आकडा घ्याल तो चित्राच्या कोपऱ्यात ठळक लिहा, प्रमाणाच्या शेजारी.

सरावासाठी लोणार घ्या. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास, म्हणजे रुंदी खोलीच्या बारापट. पुस्तकातली चित्रं पाहून मुलांना ती विहीर वाटते. एकपटीत उभं केलं की ती पसरट परात निघते. ३० मीटरच्या जाळीत व्यासावर साठ चौकटी येतात, काठाची उंचवट्याची कड त्यात व्यवस्थित दिसते.

आता उपग्रहाचं चित्र या उंचीवर पांघरायचं. सेंटिनेल-२ या युरोपच्या उपग्रहाची चित्रं फुकट आहेत, १० मीटरच्या चौकटींची. जून ते सप्टेंबर ढगांमुळे जवळजवळ काहीच हाती लागत नाही. ऑक्टोबर अखेर किंवा नोव्हेंबरचं एक चित्र घ्या आणि एप्रिल-मेचं एक. पहिल्यात भातखाचरं, गवत, ओढे सगळं वाचता येतं. दुसऱ्यात उघडा कातळ आणि लाव्हाचे थर स्पष्ट दिसतात, आणि सूर्य डोक्यावर असल्यानं सावल्याही आखूड.

सावल्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. सेंटिनेल सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला असतो, सावल्या वायव्येला पडतात. पण नकाशा पाहताना आपल्या डोळ्याला उजेड डाव्या वरच्या कोपऱ्यातून येतोय असं वाटण्याची सवय असते. त्यामुळे नुसत्या चित्रात कितीतरी मुलांना दऱ्या डोंगरांसारख्या उठून दिसतात आणि डोंगर खोल. हे त्यांचं चुकत नाही, प्रत्येकाचंच होतं. चित्र उलटं फिरवा, दक्षिण वर करा, डोंगर लगेच जागेवर येतात. वर्गात हा प्रयोग नक्की करा, टॉर्च आणि सनबोर्डच्या मॉडेलसह. याचाच दुसरा परिणाम असा की सॉफ्टवेअर छायांकन, म्हणजे डोंगरांना कृत्रिम सावल्या देणं, ठरलेल्या रीतीनं वायव्येकडून उजेड देऊन करतं. ते उपग्रहचित्राखाली ठेवलं तर दोन सावल्या एकमेकींना खोडतात आणि चित्र मळकट होतं. चित्र पांघरायचं तेव्हा उजेडाची दिशा आग्नेय करा किंवा छायांकन बंद ठेवा.

रंगांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. सखल ते हिरवं आणि उंच ते तपकिरी ही रंगपट्टी वापरू नका. मुलं हिरवा रंग म्हणजे झाडी असंच वाचतात. तुमच्या तालुक्यात उलट आहे: पश्चिमेचा उंच भाग दाट पावसाचा आणि हिरवा, पूर्वेकडं उतरत जावं तसं कोरडं. एकाच रंगाच्या फिकट ते गडद छटा घ्या.

हे सगळं झाल्यावर मॉडेल सुंदर दिसेल, आणि नेमकं तेव्हा मुलांना विचारा की यात काय खोटं आहे. तुमचा तालुका याबाबतीत भाग्यवान आहे, मोजणीच्या सगळ्या मर्यादा इथं एकत्र सापडतात. साम्रदची सांदण दरी शोधा. सापडणार नाही. ती काही ठिकाणी इतकी अरुंद आहे की दोन माणसं जेमतेम शेजारी उभी राहतील. ३० मीटरच्या चौकटीत एकच आकडा मावतो, त्यात ती बुजून गेली. कोकणकडा पाहा. प्रत्यक्षात तो आत वळलेला आहे, माथ्यावरून पालथं पडून पाहिलं तर खालची भिंत दिसत नाही. डीईएममध्ये एका जागेला एकच उंची असते, त्यामुळे आत वळलेला कडा त्यात लिहिताच येत नाही. तिथं तीव्र उतार दिसतो, इतकंच. कळसूबाईच्या टोकावर क्लिक करा, १६४६ पेक्षा कमी आकडा मिळेल, कारण शिखराबरोबर आजूबाजूचा उतारही त्या चौकटीत आला. भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. त्या जलाशयाच्या जागी सपाट पाटी आहे, पाण्याखालची प्रवरेची दरी कुठल्याच उपग्रहाला दिसलेली नाही.

प्रवरेवरचं निळवंडे धरण तर याहून बोलकं उदाहरण आहे. एसआरटीएमची मोजणी झाली २००० मध्ये, निळवंड्यात पाणी अडलं ते त्यानंतर. त्यामुळे त्या डेटात तिथं प्रवरेची उघडी दरी आहे. तिच्यावर आजचं सेंटिनेलचं चित्र पांघरलं की जलाशयाचं निळं पाणी दरीच्या दोन्ही बाजूंना तिरकं चढलेलं दिसतं. मुलं हसतात, मग कुणीतरी विचारतं की असं कसं, आणि तिथून खरा तास सुरू होतो. भिंतीची उंची देऊन दरीत सपाट पाणी भरा आणि ते चित्रातल्या काठाशी कुठं जुळतं ते पाहा. ज्यांच्या घरच्यांच्या जमिनी तिथं गेल्या अशी मुलंही वर्गात असतील. त्यांना बोलू द्या.

एक विनंती. माळीण, तळीये, इरशाळवाडीनंतर अनेक शिक्षकांना वाटतं की उताराचा नकाशा करून आपल्या वाडीला धोका आहे का ते मुलांना दाखवावं. भावना समजते, पण ३० मीटरच्या डेटावरून ते करू नका. दरड कोसळते ती उतार, मातीची जाडी, पाण्याचा निचरा, पाऊस, तोडलेली बांधबंदिस्ती अशा अनेक गोष्टी जुळून, आणि आपल्या नकाशात यातली एकच आहे, तीही सरासरी. एखाद्या मुलाच्या घरावर लाल रंग पडला तर तो ते घरी जाऊन सांगतो. उतार शिकवा, धोक्याचा निवाडा भूवैज्ञानिकांना करू द्या.

त्रिमितीय छपाईचं विचारलंत. तळहाताएवढा तुकडा मिळतो, वेळ आणि पैसा बराच लागतो, आणि मुलांच्या हाताला काम काहीच राहत नाही. शाळेत आधीच यंत्र असेल तर एखादा तुकडा काढा, त्यासाठी विकत घेऊ नका.

पडद्यावरचं मॉडेल वापरताना माझा एक नियम आहे: मुलांनी कागदावर अंदाज लिहिल्याशिवाय दृश्य फिरवायचं नाही. टोपोशीटवर रतनगड ते भंडारदरा रेघ मारा, आलेखकागदावर त्या रेघेवरचे चढउतार दाखवणारा छेद काढा, मग सॉफ्टवेअरचा छेद शेजारी ठेवा. प्रवरा रतनगडाकडं उगम पावते आणि मुळा हरिश्चंद्रगडाकडं. दोन्ही पूर्वेला जातात, नेवाशाजवळ एकत्र येतात आणि पुढं गोदावरीला मिळतात. यांच्यामधली, दोघींचं पाणी वेगळं करणारी डोंगरधार मुलांनी आधी पेन्सिलनं काढावी. नंतर सनबोर्डच्या मॉडेलच्या लगदा लावलेल्या भागाला ऑइलपेंट देऊन त्यावर फवाऱ्यानं पाणी मारा आणि ते कुठं फुटतं ते बघा. सह्याद्रीच्या मुख्य कड्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब अरबी समुद्रात जातो, दोन हात पूर्वेला पडलेला बंगालच्या उपसागरात.

सगळ्यात चांगला प्रयोग मात्र दिसण्याचा. शाळेच्या मैदानावरून कळसूबाई दिसतं का, अलंग-मदन-कुलंग दिसतात का, मधे कोणता डोंगर आड येतो, हे मुलांनी छेदावरून ठरवायचं. मग क्यूजीआयएसमधल्या दृश्यक्षेत्राच्या साधनात मैदानाची जागा आणि डोळ्याची उंची दीड मीटर द्या. जिथपर्यंत नजर जाते तेवढा भाग रंगतो. आणि मग सगळ्यांनी बाहेर जाऊन पाहायचं. निरीक्षण आणि मॉडेल जुळलं नाही तर का, तेही तिथंच उभं राहून शोधायचं. बहुतेकदा उत्तर झाड किंवा इमारत असतं.

नावं मुलांना घालू द्या. टोपोशीटवर नसलेल्या टेकड्या, झरे, पाणंदी, देवाच्या राया घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून आणायच्या आणि देवनागरीत टंकायच्या. क्यूजीआयएस देवनागरी लेबलं नीट दाखवतं. फक्त फोल्डर आणि फाइलींची नावं साध्या रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता ठेवा, नाहीतर काही साधनं मधेच अडतात आणि कारण कळत नाही.

वेळेचं म्हणाल तर सनबोर्डचं काम पावसाळ्यात घ्या, तेव्हा बाहेर धुकंच असतं. दिवाळीच्या सुट्टीत डेटा उतरवून, जोडून, प्रक्षेपण बदलून ठेवा. सुट्टीनंतर नोव्हेंबरचं ताजं चित्र मिळेल आणि हवाही स्वच्छ असेल, तेव्हा मैदानावरचा प्रयोग करा. कुठं अडलात तर त्या टप्प्याचं पडद्याचं चित्र आणि डेटाचं प्रक्षेपण दोन्ही कळवा, पाहून सांगतो.